विस्तवाला दोन वाटा

नव्या घराचा स्लॅब पडला, आता गिलावा आणि फरशी, असं कानावर आलं. म्हणजे गॅस कुठं बसवायचा हे ठरवायची हीच वेळ आहे, बाळा. टाइल लागल्या, रंग झाला, की भिंतीला कुणी भोक पाडू देत नाही आणि मग जिथं जागा उरेल तिथं विस्तव बसतो. आपल्या जुन्नर-आंबेगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पाण्यात बोट घालवत नाही. त्यावर पूर्वी तांब्याचा बंब होता. त्याच्या पोटात तुरकाट्या जळायच्या, धूर डोळ्यांत जायचा, म्हणून त्याची जागा आपोआप परसात ठरलेली असायची. आता ती जागा गॅसच्या गीझरनं घेतली. त्याचा धूर दिसत नाही, म्हणून लोक त्याला थेट न्हाणीघरात आणून बसवतात. सगळी गोम इथंच आहे. तुझी आत्या सांगते ते आधी वाच, मग मिस्त्रीला बोलाव.

१. जाळ पेटला की त्याला दोन वाटा लागतात, ताजी हवा यायला एक आणि जळलेली जायला एक — यातली एक जरी बुजली तरी गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. दिसतो तो धूर डोळे चोळायला लावतो, दिसत नाही तो माणूस नेतो.

२. गीझर न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला, सज्जाखाली, वाऱ्याचा झोत बसणार नाही असा टांग आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घे — जाळ बाहेर राहिला की त्यानं ओढलेली हवा आणि सोडलेला वायू दोन्ही बाहेरच राहतात.

३. ‘भिंतीत कोनाडा करू, वर दार लावू, दिसणारसुद्धा नाही’ असं कुणी सुचवेल. गोड बोलून नको म्हण — कोंडलेल्या जागी गीझर स्वतःचाच सोडलेला वायू पुन्हा ओढतो आणि जाळ आणखी बिघडतो.

४. उद्या मंचर किंवा नारायणगावात फ्लॅट घेतलास तर इमारतीच्या अरुंद डक्टकडे तोंड करून गीझर लावू नकोस — तुझ्या गीझरचा गरम वायू वर चढतो आणि वरच्या घराच्या उघड्या खिडकीतून आत शिरतो.

५. बाहेर जागा निघतच नसेल तर हट्ट सोड. छपरावर सोलर बसव, ढगाळ दिवसांसाठी विजेचा गीझर जोडीला ठेव — त्यांत जाळच नाही, म्हणून हा वायूही नाही. विजेला अर्थिंग मात्र नीट हवं.

६. न्हाणीला झडपेची खिडकी नको, कायम उघडी राहील अशी जाळी दे: एक जमिनीलगत, एक छताखाली. उसाच्या पट्ट्यात आपण बिबट्याच्या धास्तीनं दिवेलागणीलाच दारंखिडक्या लावून घेतो, माणिकडोहला निवारा केंद्र आहे ते काही उगाच नाही; म्हणून गज आणि जाळीच बसव — बंद करता येणारी खिडकी थंडीत नेमकी बंदच राहते.

७. ‘एक्झॉस्ट पंखा आहे ना’ यावर भिस्त ठेवू नकोस — आत यायला हवा नसेल तर पंखा उलटी ओढ लावतो आणि धुराड्यातून बाहेर निघालेला वायूही आत खेचतो.

८. धुराड्याचं तोंड झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको, आणि पावसाळी वाऱ्याला तोंड करून पश्चिमेलाही नको. त्यावर टोपी हवीच. भीमाशंकरच्या बाजूला पाऊस आडवा येतो, तुला वेगळं सांगायला नको — वारा तोंडातून शिरला की वायू आल्या पावली घरात परततो.

९. दिवाळीच्या आवराआवरीत धुराडं आणि बर्नर उघडून बघायचा रिवाज पाड — उन्हाळ्या-पावसाळ्यात गीझर निजलेला असतो तेव्हा कुंभारीण माशी मातीची घरं बांधते, कोळी जाळी विणतात, आणि पहिल्या थंडीला सगळे बटण दाबायची घाई करतात.

आता सूनबाईंच्या मनातली गोष्ट. बैठकीत भिंतीत बसवलेली, काचेमागं जाळ दिसणारी गॅसची शेकोटी तिनं कुठल्याशा चित्रात पाहिली आणि तिला ती फार आवडली. हौस वाईट नाही. पण आपली थंडी दीड-दोन महिन्यांची. तेवढ्यासाठी अंगणातली शेकोटी आणि भोवती बसलेली माणसं मला जास्त प्रिय. तरी करायचीच ठरली तर एवढं पाळा.

१०. पुढची काच पूर्ण बंद असलेली आणि एकात एक दोन नळ्या भिंतीबाहेर जाणारी अशीच घ्या — बाहेरच्या नळीतून हवा येते, आतल्या नळीतून जळलेला वायू जातो, आणि खोलीतल्या हवेला जाळ शिवतसुद्धा नाही. ‘धुराड्याची गरजच नाही’ म्हणून विकतात ती घरात आणू नका.

११. परदेशातून कुणी पाठवली तर ती सिलिंडरच्या गॅसवर चालणारी आहे का, हे आधी तिच्यावरच्या पट्टीवर वाचा — अमेरिकेत अशा बऱ्याच शेकोट्या नळानं येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या असतात. त्यांच्या जेटचं भोक मोठं, आणि त्यातून आपला गॅस सोडला की उंच, पिवळा, काजळी धरणारा जाळ येतो. जेट बदलणं कंपनीच्या माणसाचं काम, गावातल्या हुशार मुलाचं नव्हे.

१२. भोवतीची चौकट दगड-विटांचीच करा. लाकूड, पडदा, टीव्ही किती लांब ठेवायचा ते शेकोटीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, ते गवंड्याला वाचून दाखवा — चौकट बांधून झाल्यावर पुस्तिका उघडणारे फार. आणि काचेपुढं जाळीचा आडोसा हवाच. जाळ विझल्यावरही काच बराच वेळ तापलेली असते आणि रांगणारं पोर उजेडाकडेच जातं.

सिलिंडरचा स्वभाव वेगळा. तो धूर सोडत नाही, तो गळतो.

१३. सिलिंडर जमिनीच्या पातळीवर, सावलीत, मोकळ्या जागी उभा ठेव. मोरी, खड्डा, तळघर यांच्यापासून लांब — त्यातला प्रोपेन-ब्यूटेन हवेपेक्षा जड असतो, गळला की पाण्यासारखा उताराला धावतो आणि खोलगट जागी साचून बसतो.

१४. ओट्याखालच्या कपाटात सिलिंडर ठेवायचा तर कपाटाच्या दाराला खाली भोकं पाडायला सुताराला सांगच — आतून १ लिटर द्रव निसटला तर त्याचा जवळजवळ २५० लिटर वायू होतो, आणि बंद कपाटात तो पहाटे चहा मांडणाऱ्या माणसाची वाट बघतो.

१५. गोठ्यामागं गोबरगॅस असेल तर त्याला हाच नियम लावू नकोस. तिथं स्वयंपाकघराची जाळी छतालगत हवी — त्यातला मिथेन हलका, तो वर चढून स्लॅबखाली जमतो. शेगडीही त्याची वेगळी, एकीवर दुसरा गॅस चालवायचा नाही.

१६. नळी केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळीच घे, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि ५ वर्षांनी बदल. बाजारातली साधी हिरवी नळी स्वस्त पडते — उंदरालाही तीच सोपी पडते.

१७. रबरी नळी भिंतीतून किंवा फर्निचरमागून नेऊ नकोस, आणि एकाच नळीला ‘टी’ जोडून शेगडी न् गीझर दोन्ही चालवू नकोस. लांब न्यायचं असेल तर एजन्सीच्या मेकॅनिककडून तांब्याची नळी भिंतीवरून, डोळ्यांपुढून ने — दिसणारा जोड तपासला जातो, झाकलेला विसरला जातो.

१८. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंच ओट्यावर, आणि दोन्ही दारा-खिडकीच्या झोताबाहेर — वाऱ्यानं जाळ विझला तर गॅस चालूच राहतो आणि आपण म्हणतो, डाळ अजून शिजली कशी नाही.

१९. सिलिंडर दारात आला की गाडी हलायच्या आत तीन गोष्टी बघ: सील, वजन, आणि वरच्या कड्याच्या पट्टीवर लिहिलेली तपासणीची तारीख. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, पुढं वर्ष — डी-२७ असेल तर २०२७ च्या डिसेंबरपर्यंत चालेल. तारीख उलटलेला परत द्यायचा तुला हक्क आहे.

२०. नवी जोडणी झाली की प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लाव, बुडबुडा आला तर गळती. काडी पेटवून बघणारा कितीही जाणता असो, त्याला चहा पाजून वाटेला लाव — त्याच्या धीटपणाची परीक्षा आपल्या घरात नको.

२१. थंडीत गॅस मंद येतो म्हणून सिलिंडर आडवा करायचा नाही, कढत पाण्यात उभा करायचा नाही — आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रवच नळीत शिरतो, आणि मग शेगडीवर जाळ नाही, भडका येतो.

रोजचं वागणं यापेक्षा सोपं, म्हणून विसरायलाही सोपं.

२२. जाळ निळा हवा; पिवळा झाला, भांड्याचं बूड काळं पडू लागलं की त्याच दिवशी मेकॅनिक — काजळी म्हणजे गॅस पुरता जळत नाही याची साक्ष.

२३. बोअरचं जड पाणी असेल तर गीझरमधली क्षाराची पुटं वेळच्या वेळी काढून घे — पुटं चढली की पाणी लवकर तापत नाही, आपण जाळ वाढवतो आणि गीझर जास्त वेळ चालत राहतो.

२४. लेण्याद्री-ओझरच्या दर्शनाला निघालेले पाहुणे तुझ्याकडं मुक्कामी येणार, आणि पहाटे सगळ्यांनाच आधी अंघोळ हवी. जुन्या घरात गीझर अजून आत असेल तर बादल्या भरून घे, गीझर बंद कर, मगच माणसाला आत सोड, आणि दोन अंघोळींच्या मध्ये दार सताड उघडं ठेव — पहिल्याची अंघोळ निभावते, साचलेली हवा चौथ्याला भोवते. पाहुणा ओसरीवर, गीझर विसाव्यावर.

२५. न्हाणीच्या दाराला बाहेरूनही उघडेल अशी कडी लाव आणि आत गेलेल्याला अधूनमधून हाक मारायची सवय घराला लाव — या वायूनं आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग पाय जातात. कडी काढायचं बळ तेव्हा उरत नाही.

२६. बाळंतिणीच्या खोलीतली निखाऱ्याची शेगडी हा आपल्याकडचा फार मायेचा रिवाज, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त धास्ती. निखारा धूर देत नाही म्हणून दार लावून शेक देतात, पण लाल निखाराच हा वायू भरपूर सोडतो. त्या खोलीत तान्हं बाळ असतं, ज्याला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. शेकायचं तर कपडा दुसऱ्या खोलीत तापवून आणा, गरम पाण्याची पिशवी वापरा. निखारा उंबऱ्याच्या आत नको. सासूबाई रागावल्या तर माझं नाव सांग, मी बोलेन त्यांच्याशी.

२७. दोन अलार्म मिळतात, दोन्ही घे आणि जागा चुकवू नकोस: गळणाऱ्या गॅसचा जमिनीपासून वीतभर उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा माणसाच्या नाकाच्या उंचीवर — पहिला वायू खाली बसतो, दुसरा खोलीच्या हवेत मिसळून राहतो. गोबरगॅसवाल्या स्वयंपाकघरात पहिला छताजवळ लागेल.

आणि एवढं करूनही काही झालंच तर डोकं शांत ठेवायला पुढचं तोंडपाठ कर.

२८. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही, पंखा नाही, फोनही आत नाही — बटणाची ठिणगी दोन्ही वेळा उडू शकते. रेग्युलेटर बंद करून काढ, सिलिंडरवर टोपी बसव, दारं उघड, सगळ्यांना अंगणात काढ आणि तिथून १९०६ ला फोन कर. वास आला तर हात खिशात, पाय अंगणात.

२९. सिलिंडरची ती पांढरी टोपी दोरीनं त्याच्याच गळ्यात बांधलेली असते, ती तोडून पोरांना खेळायला देऊ नकोस — हवी असते तेव्हा शोधायला वेळ नसतो.

३०. न्हाणीत कुणी कोसळलेलं दिसलं तर आधी दार सताड उघड, गीझर बंद कर, श्वास धरून माणसाला उघड्या हवेत ओढ आणि १०८ लाव — वाचवायला धावलेला दुसरा माणूस त्याच हवेत पडतो, असं फार वेळा घडतं.

३१. करोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी खोटा धीर देतं — हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या २०० पटींहून घट्ट धरतो, आणि त्या यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. माणूस गुदमरलेला असताना आकडा ९८ दिसू शकतो. आकड्यावर जाऊ नकोस, दवाखान्यात ने.

३२. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात ने की जवळच्या दवाखान्यात, डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग: बंद न्हाणीत गॅसचा गीझर चालू होता — नाहीतर चक्कर, अशक्तपणा, पित्त असा शोध सुरू होतो आणि प्राणवायू द्यायला उशीर होतो.

३३. त्याच सकाळी ज्यांचं नुसतं डोकं दुखतंय, त्यांनाही गाडीत घाल, पोटुशी बाई असेल तर तिला सर्वांत आधी — हवा सगळ्यांनी तीच घेतली होती. आणि मेकॅनिक येऊन जाईपर्यंत त्या गीझरची तोटी बंद, पाणी चुलीवर तापवा. दोन दिवस अंघोळीला उशीर झाला तर शाळेच्या बाईंना मी चिठ्ठी लिहून देईन.