आधी दोन घास खा

मनू, काल फोनवर किती ऐटीत सांगितलंस, "ताई, दूध बंद, आता फक्त कोरा चहा, पित्ताचा विषय संपला." आणि त्याच फोनवर दोनदा करपट ढेकर दिलास. मी काही बोलले नाही, कारण तुझी कॅब आली होती. आता निवांत ऐक.

दूध सोडल्याने काहींना खरंच बरं वाटतं. मोठेपणी दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं विकर आपल्याकडे पुष्कळांच्या आतड्यात कमी पडतं, मग पोट फुगतं, गुडगुडतं. पण तू लहानपणापासून पेलाभर दूध गटागटा पितेस आणि तुला कधी काही झालेलं नाही. कटिंगमधल्या चार चमचे दुधाने तुझं पोट बिघडलं हे मला पटत नाही. तुझ्या टीममधल्या कुणाला दूध सोसत नसेल, त्याचा उपाय तू उचललास, झालं.

जळजळ दुधाची नव्हतीच मुळी. चहा मुळात जठराला जास्त आम्ल सोडायला लावतो, कॅफिन त्यात भर घालतं. शिवाय टॅनिन. कोरा चहा कडक झाला की जीभ कोरडी, खरखरीत होते ना, ती त्याचीच करामत. दुधातली प्रथिनं या टॅनिनला धरून ठेवतात, म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो. तू दूध काढून टाकलंस आणि तेच टॅनिन रिकाम्या पोटात मोकळं सोडलंस. पहाटे तुला मळमळतं, ते तिथून येतं.

आता तुझा दिनक्रम बघ. तुझा दिनक्रम कसला, रात्रक्रम! संध्याकाळी मारुंजीच्या पीजीतून उठायचं, काही न खाता एक मग. लक्ष्मी चौकातल्या गर्दीत कॅब अडकली की उतरल्या उतरल्या टपरीवर दुसरा. डबा उघडला की शेजारी तिसरा. मग पहाटे डोळे मिटायला लागले की चौथा, आणि परतताना कॅबमध्ये सीट मागे करून आडवी. काही जणांमध्ये कॅफिनने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैलावते. त्यात पोटात आम्ल तयार असताना आडवं झालं की ते वर चढणारच. यात कोरा की दुधाचा याने फारसा फरक पडत नाही, बाई. आधी दोन घास खा. पोळीचा तुकडा, केळं, मूठभर शेंगदाणे-फुटाणे, काहीही चालेल. आणि तो पहाटेचा मग सोड. कॅफिनचा निम्मा अंमल ओसरायला साधारण पाच तास लागतात. चारला प्यायलेला चहा नऊला तुझ्या उशाशी बसलेला असतो, आणि झोप मोडली की पोटही रुसतं.

चहा उकळतेस किती, तेही बघ. टपरीवरचं पातेलं दिवसभर खदखदत असतं, त्यातून टॅनिन भरपूर उतरतं. घरी पाणी उकळलं की गॅस बंद करून पत्ती टाक, झाकण ठेव, दोन-तीन मिनिटांत गाळ. रंग लालसर हवा, काळाकुट्ट नको. आणि ओठ भाजतील इतका गरम पिऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेला बहुधा कर्करोगकारक असल्याचं सांगितलंय. दोष चहाचा नाही, तापमानाचा आहे.

पण मला खरी काळजी तुझ्या डब्यासोबतच्या चहाची आहे. मेथी, नाचणी, डाळी, तुझं सगळं लोह यातूनच येतं, आणि नेमकं हेच शाकाहारी लोह चहातली द्रव्यं आतड्यात अडवतात. मांसातल्या लोहाला त्याची झळ कमी बसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा. तिथेच कॅफिनची दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम दिलीय, आणि १५० मिलिलिटर चहात ते ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. तुझा ऑफिसचा मग त्याच्या दुप्पट आहे, हिशेब तूच कर, इंजिनिअर आहेस. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला आकडा ५४ टक्क्यांचा आहे. जिना चढताना तुला दम लागतो, तो फक्त जिम चुकवल्याने लागतो असं धरून चालू नकोस.

कोरा चहा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. दूध-साखरेविना घेतलास तर तो हलका आहे. त्यातली पॉलिफेनॉलं बरीचशी मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात, तिथले जिवाणू ती फोडतात, आणि त्याचा आतड्याला फायदा होत असावा असं संशोधक म्हणतात. एवढ्यावरून कुणी रीलमध्ये 'आतडी स्वच्छ करणारा काढा' म्हणून विकला तर मात्र पुढे सरकव. जुलाब झाले की आजी कोऱ्या चहात लिंबू पिळून द्यायची. टॅनिनच्या तुरटपणाने थोडा आराम पडत असेलही, पण गेलेलं पाणी आणि क्षार तो भरून काढत नाही. तेव्हा ओआरएसचं पाकीट लागतं, ते पर्समध्ये असू दे. लिंबातलं क जीवनसत्त्व लोहाला मदत करतं हे खरं, पण तुझी जळजळ चालू असेपर्यंत लिंबू चहाही नकोच.

आणि सकाळी चहाशिवाय पोट साफ होत नाही म्हणतेस, तर आठवडाभर नुसतं कोमट पाणी पिऊन बघ. कितीतरी जणांचं काम त्या उबेनेच भागतं.

महिनाभर एवढं करूनही जळजळ राहिली, घास अडकायला लागला, वजन उतरलं किंवा शौच काळं झालं, तर मेडिकलमधल्या गोळ्या गिळत बसायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं. हिमोग्लोबिन मात्र याच आठवड्यात तपासून घे. लोहाच्या गोळ्या दिल्याच तर त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. रिपोर्ट आधी मला पाठव. आईला पाठवलास तर ती खजुराचा डबा नि बीटाची पिशवी घेऊन सकाळच्या पहिल्या एसटीने वाकडला उतरेल.