माल जसा, तसा फोटो

व्यापारी व कारागीर बंधूंनो, भंडाऱ्याची पितळी भांडी असोत वा मोहाडी-आंधळगावचे कोशाचे कापड, दूरचे गिऱ्हाईक आधी फोटोच पाहते. म्हणून आम्ही तीन फोटो सुचवतो. पहिला दुरून: पूर्ण भांडे, शेजारी काडेपेटी, म्हणजे आकार कळतो. दुसरा मध्यम अंतरावरून: काठ व घडण. तिसरा अगदी जवळून: ठोक्यांच्या खुणा किंवा कापडाचा पोत. कॅमेरा भांड्याच्याच उंचीवर धरावा. खालून घेतल्यास लोटा मोठा भासतो, वरून घेतल्यास बुटका. चकचकीत पितळेत आपलेच प्रतिबिंब पडते. उजेड बाजूने, पांढऱ्या कापडातून गाळून घ्यावा. फोटोत मोठा दिसलेला माल हाती लहान आला, तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. एक ऑर्डर मिळते, पत मात्र जाते.