मोटारसायकलची चेन : पारख व बदल

हैदराबादेत दुचाकी ही आज चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुलांना शाळेत पोहोचवणे, दुकानाचा माल आणणे, घरोघरी पार्सले देऊन चार पैसे मिळवणे, ही सारी कामे तिच्यावर चालतात. असे असूनही जिच्या जोरावर मागचे चाक फिरते, त्या चेनकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती खडखडू लागली की मिस्त्रीकडे जावे, त्याने नट फिरवून ती घट्ट करून द्यावी आणि आपण निश्चिंत व्हावे, असाच क्रम चालतो. म्हणून चेन आणि तिची दोन दातेरी चाके, म्हणजे स्प्रॉकेट, यांची पारख कशी करावी व ती कशी बदलावी, हे आम्ही येथे क्रमाने सांगणार आहोत.

प्रथम चेनची घडण पाहू. आजची चेन मूळची सायकलसाठी आणि कारखान्यातील यंत्रांसाठी घडली. मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली बुश-रोलर चेनचे पेटंट घेतले. आपल्या गाडीची चेन त्याच वंशातली. प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्याभोवती बुश आणि बुशावर फिरणारा रोलर असतो. गाडी चालताना पिन बुशात सतत घासत असते. तेथे तेल नसले किंवा धूळ शिरली, की दोन्ही झिजतात.

‘चेन लांबली’ असे आपण म्हणतो, तेव्हा लोखंड रबरासारखे ताणले गेले असे वाटते. वस्तुतः पट्ट्या तेवढ्याच राहतात. सांधे सैल होतात. शंभर सांध्यांपैकी प्रत्येक सांधा मिलिमीटरचा दहावा भाग झिजला, तर एकूण लांबी १० मिलिमीटरने वाढते. ही वाढ नट घट्ट केल्याने झाकली जाते, जात मात्र नाही.

आता स्प्रॉकेटचे पाहा. त्याच्या दातांमधील अंतर नव्या चेनच्या मापाचे असते. झिजलेल्या चेनच्या कड्यांचे अंतर वाढल्याने ती दातांच्या मुळाशी न बसता वर चढते आणि दात एका बाजूने खाते. पुढच्या स्प्रॉकेटला १४ दात व मागच्याला ४२ दात आहेत असे धरू. मागचे एकदा फिरते तेव्हा पुढचे तीनदा फिरते. म्हणजे पुढच्या प्रत्येक दातावर तिप्पट वेळा कडी बसते. म्हणूनच लहान स्प्रॉकेट आधी झिजते.

पारख घरच्या घरी करता येते. इंजिन बंद करून गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाशी चेन बोटाने बाहेर ओढावी. अर्धा दात उघडा दिसला, तर झीज पुष्कळ झाली असे समजावे.

२. दातांचा आकार पाहावा. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो. झिजलेला दात एका बाजूस आकड्यासारखा वाकलेला व टोकदार दिसतो.

३. चाक हाताने सावकाश फिरवून चेनचा ढिलेपणा ठिकठिकाणी पाहावा. एके जागी सैल व दुसऱ्या जागी ताठ लागली, तर झीज असमान आहे. सांध्यांतून तांबूस भुकटी येत असल्यास तेथे तेल उरलेले नाही.

४. शेवटी मोजपट्टी घ्यावी. बहुतेक लहान गाड्यांच्या चेनवर ४२८ असा अंक असतो. पहिला आकडा ४ म्हणजे कडीचे अंतर चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच. अशा २० कड्या, म्हणजे पहिल्या पिनच्या मध्यापासून २१ व्या पिनच्या मध्यापर्यंत, बरोबर १० इंच किंवा २५४ मिलिमीटर भरतात. अंक ५ ने सुरू होत असेल, तर १६ कड्या तेवढ्याच भरतात. चेन ताणून धरून मोजावे. माप २५६.५ आले, म्हणजे वाढ १ टक्का झाली. नव्या संचाची तयारी करावी. २५९ च्या पुढे गेल्यास ती चेन वापरूच नये.

येथे काटकसरीचा प्रश्न येतो. अनेकजण केवळ चेन बदलतात व जुनी स्प्रॉकेटे ठेवतात. परंतु झिजलेल्या दातांवर नवी चेन नीट बसत नाही, सारा भार थोड्याच दातांवर येतो आणि नवी चेनही लवकरच जुनी होते. खर्च वाचत नाही, दुप्पट होतो. म्हणून चेन व दोन्ही स्प्रॉकेटे एकत्रच घ्यावीत. राणीगंजच्या बाजारात जाताना गाडीचे नाव, साल, दातांची संख्या व कड्यांची संख्या कागदावर लिहून न्यावी.

बदलण्याचा क्रम असा. चेन जागेवर असतानाच, गाडी गिअरमध्ये ठेवून व मागचा ब्रेक दाबून, पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करावेत. चेन काढल्यावर ते धरायला आधार उरत नाही. मग लॉक-कडी उघडून चेन काढावी, चाक उतरवून मागचे स्प्रॉकेट बदलावे. नवी चेन जोडताना लॉकच्या पत्तीचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेस यावे, उघडे टोक मागे राहावे. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून चाक सरळ बसवावे. ढिलेपणा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा. पुष्कळ गाड्यांना तो २० ते ३० मिलिमीटर सांगितलेला असतो. अति ताठ चेन बेअरिंग खाते. ॲक्सलचा नट पक्का केल्यावर मागचा ब्रेक पुन्हा जुळवावा, कारण चाक सरकल्याने त्याचे माप बदलते.

पुढे दर ५०० किलोमीटरच्या सुमारास, आणि पावसात भिजल्यावर लगेच, चेन पुसून खालच्या पदराच्या आतल्या बाजूस तेल द्यावे. चेनवरचे कव्हर काढून टाकू नये. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीच्या जुन्या गाड्यांत चेन पूर्ण झाकलेली असे, ती धूळ व पाणी टाळण्यासाठीच. मागे बसणाऱ्यांचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत निम्मे चाक झाकणारी जाळी सक्तीची केलेली आहे. साडी, ओढणी वा बुरखा सांभाळून बसणाऱ्या आपल्या माताभगिनींसाठी ती जागेवरच राहू द्यावी.

एक सूचना मात्र प्रत्येक घरातील मुलांना बजावून सांगावी : इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडके कधीही लावू नये. फडके ओढले जाते, आणि त्याबरोबर बोटेही. चाक हातानेच फिरवावे.

झिजलेली चेन दातांवरून उतरली, तर ती पुढच्या स्प्रॉकेटपाशी अडकून मागचे चाक एकाएकी जाम करू शकते. गाडीवर त्या वेळी पुढे मूल व मागे घरची माणसे असतात. महिन्यातून एकदा दहा मिनिटे आणि एक मोजपट्टी, एवढीच किंमत देऊन हा धोका टाळता येतो. ती प्रत्येकाने द्यावी, अशी आमची विनंती आहे.