ठोकळ्यांचा खेळ घेण्याआधी

मुंज, वाढदिवस, दहावीचा निकाल असं काही जवळ आलं की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "ते ठोकळे जोडून बुद्धिबळ बनवायचं असतं ना, ते घ्यावं का? नुसतं शोभेला ठेवायचं की खरंच खेळता येतं?" आमच्या घरी ठोकळ्यांचं बुद्धिबळ आहे, टेबल फुटबॉलही आहे. दोन्ही मुलांबरोबर बसून बांधली आणि दोन्हींवर मनसोक्त खेळलो, म्हणून लोक मला विचारतात. मी आधी त्यांनाच एक प्रश्न करतो. तुम्हाला हवा आहे त्या खेळात सोंगटी उचलून ठेवायची असते, की तिला फटका बसतो?

याचं कारण ठोकळ्याच्या जोडणीत आहे. एका ठोकळ्यावरचे गोल उंचवटे दुसऱ्याच्या पोटातल्या नळ्या आणि भिंती यांच्या मध्ये घट्ट बसतात. गोंद नाही, खिळा नाही, सगळा कारभार घर्षणावर. लेगोनं या जोडणीच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये अर्ज केला. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो, इतकं ते काम चोख आहे. वरून पडणारा भार ही पकड उत्तम पेलते. बाजूनं सतत बसणारे लहान लहान धक्के मात्र तिला हळूहळू सैल करतात, आणि टेबल फुटबॉल म्हणजे दुसरं काय असतं?

आमचं टेबल दिसायला फार देखणं आहे. बांधतानाही मजा आली. पण खेळ रंगात आला की कुठलं तरी पोर ओरडतं, "थांब, थांब!" गोलाचा खांब निखळलेला असतो, नाहीतर एखादा खेळाडू दांड्यावर तिरका झालेला असतो. सगळ्यात जास्त खोळंबा होतो तो खेळाडूंच्या केसांमुळे. जोराचा फटका बसला की डोक्यावरचा केसांचा तुकडा उडतो, दांड्याखाली जाऊन पडतो आणि चेंडू त्याला अडतो. मैदान गुळगुळीत फरश्यांचं आहे, तरी दोन फरश्यांमध्ये केसाएवढी फट राहतेच. चेंडू हलका असल्यामुळे सावकाश येताना त्या फटीवर हमखास दिशा बदलतो. सुरुवातीला मुलांना याचं काही वाटलं नाही. पण ज्यांना खेळाची खरी चटक लागली, ती पोरं आता सोसायटीच्या क्लबातल्या लाकडी टेबलाकडे पळतात, आणि त्यात त्यांचं काहीही चुकत नाही.

घेणाऱ्यानं आकाराचाही विचार करावा. लेगोनं २०२२ मध्ये काढलेल्या टेबल फुटबॉलमध्ये २,३३९ तुकडे आहेत. तरीही त्यात संघ पाच-पाच जणांचे. नेहमीच्या टेबलावर ते अकरा-अकरांचे असतात. ठोकळ्यांतून पूर्ण मापाचं काही उभं करायचं तर तुकडे आणि किंमत दोन्ही आवाक्याबाहेर जातात, म्हणून असे खेळ लहान करूनच येतात. खोक्यावरचं चित्र जवळून काढलेलं असतं. चित्रावर जाऊ नका, सेंटीमीटर वाचा आणि तेवढा कागद कापून टेबलावर पसरून बघा.

बुद्धिबळाचं मात्र वेगळं. तिथे सोंगटी उचलायची, ठेवायची, बस. ठोकळ्यांना हे मानवतं. आमच्या पटावर डाव व्यवस्थित होतात, माझी मुलगी त्यावरच खेळायला शिकली. दोन गोष्टी तेवढ्या सांभाळाव्या लागतात. राजा कधीही मुकुटाला धरून उचलायचा नाही. मुकुट हातात येतो आणि राजा पटावरच राहतो. मानेखाली धरायचं, ही सवय दोन-चार डावांत लागते. दुसरी गोष्ट वजनाची. ठोकळे प्लास्टिकचे, आतून पोकळ. चांगल्या लाकडी सोंगट्यांच्या बुडात वजन भरलेलं असतं, तसं इथे काही नाही. त्यात घरं लहान. दोन उंचवट्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे चार उंचवट्यांचं घर ३.२ सेंटीमीटरचं झालं. स्पर्धेच्या पटावरचं घर ५ ते ६ सेंटीमीटरचं आणि राजा साधारण ९.५ सेंटीमीटर उंच असतो. घड्याळ लावून झटपट डाव खेळणाऱ्याची बाही लागली की इथे दोन प्यादी आणि एक उंट आडवे झालेच म्हणून समजा. जो मुलगा वर्गाला जातो, स्पर्धा खेळतो, त्याला हा पट सरावासाठी देऊ नका.

या दोन्हींपेक्षा मला जास्त आवडतात ते ठोकळे हाताशी धरून मुळापासून रचलेले खेळ. लेगोनं २००९ मध्ये पटावरच्या खेळांची एक मालिका काढली होती. तिच्यातल्या फाशाच्या बाजू काढून बदलता यायच्या, आणि त्याच्या कडा मुद्दाम रबरासारख्या मऊ केलेल्या होत्या. जी वस्तू सारखी आपटणार तिला कडक प्लास्टिक चालणार नाही, हे करणाऱ्यांनी ओळखलं होतं. लेगोच्याच २०१६ च्या चक्रव्यूहाच्या खेळात पाटी कलती करून चेंडू घरंगळवायचा असतो, तिथेही कुणी कुणावर आदळत नाही. आणि २०२४ मध्ये आलेल्या 'मंकी पॅलेस'मध्ये तर जिने आणि कमानी बांधणं हीच खेळी. असा खेळ लाकडात किंवा पुठ्ठ्यात करताच येणार नाही. पैसे मोजायचे तर अशा खेळाला मोजावेत, हे माझं ठाम मत आहे.

पैसे आपल्याकडे बरेच मोजावे लागतात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. परदेशातून येणारे नातेवाईक पेटी आणतात ती यासाठीच. लहान मुलासाठी इथे घेणार असाल तर आयएसआयचा शिक्का पाहा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

पैसे देण्याआधी आणखी एक काम जरूर करा. लेगोच्या सगळ्या नव्या संचांच्या बांधणीच्या पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. हवी ती उतरवून घ्या आणि शेवटची पानं नीट बघा. हलणारा भाग किती तुकड्यांवर टांगला आहे, दांडा अखंड आहे की जोडलेला, चेंडू वेगळा दिला आहे का, हे सगळं तिथे दिसतं. घरातली जागाही बघून ठेवा. लाकडी पट घडी घालून कपाटात जातो, हा कायम मांडलेलाच राहतो. खिडकीजवळ ठेवलात तर उन्हानं पांढरे तुकडे पिवळे पडतात.

आठ-नऊ वर्षांच्या मुलाला द्यायचं असेल तर मी साधा लाकडी पट आणि सुट्या ठोकळ्यांचा एक डबा सुचवतो. ज्याला संध्याकाळी तासभर बसून बांधण्यातच सुख आहे, त्या मोठ्या माणसानं ठोकळ्यांचं बुद्धिबळ खुशाल घ्यावं. टेबल फुटबॉल फक्त खेळासाठी म्हणून घेऊ नये.

ते आधीच घरी आलं असेल तर प्रत्येक डावाआधी गोलांचे चारही कोपरे अंगठ्यानं दाबून घ्या. खेळाडूंचे केस काढून वाटीत ठेवा, डोकी मोकळीच बरी. आणि दांडा गरगर फिरवायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घाला. मुलं कुरकुर करतील. टेबल फुटबॉलच्या स्पर्धांतही तसं फिरवायला बंदी असते, हे त्यांना सांगा.