आधी संथ बॅट

पंचेचाळिशीनंतर टेबल टेनिस शिकू पाहणाऱ्याला कोच नंतर भेटतो, दुकानदार आधी. माझ्या बाबतीत तर दुकानात मी गेलोही नव्हतो. धाकट्या भावाने कौतुकाने वाढदिवसाला बॅट आणली. कार्बनचं ब्लेड, दोन्ही बाजूंना जाड स्पंजचं, चेंडू धरून ठेवणारं रबर. ‘सगळे चांगले खेळाडू हीच घेतात,’ असं त्याला तिथे सांगितलं होतं. घेतही असतील. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मात्र त्या बॅटीवरून सुटलेला चेंडू समोरच्या टेबलावर क्वचितच पडायचा, थेट भिंत गाठायचा. मग मी घाबरून हात आखडायचो आणि चेंडू नेटमध्ये.

तिथे रोज येणारे सत्तरीचे एक काका आहेत. त्यांनी काही दिवस बघितलं आणि म्हणाले, “अरे, ही बॅट ठेव वर्षभर कपाटात. माझी जुनी घे.” त्यांच्या त्या साध्या लाकडी, पातळ स्पंजच्या बॅटीने माझे फटके आठवड्याभरात टेबलावर पडू लागले.

कारण सरळ आहे. लाकडात कार्बनचा थर घातला की ब्लेड ताठ होतं आणि चेंडू बॅटीवर टेकतो न टेकतो तोच सुटतो. जाड स्पंज त्याला आणखी उसळी देतो. ज्याचा हात तयार आहे त्याला हे वरदान, पण नवख्याला आपण काय चुकलो हे कळायलाही सवड मिळत नाही. म्हणून पाच थरांचं, निव्वळ लाकडाचं ‘ऑलराउंड’ ब्लेड घ्या आणि त्यावर दीड ते पावणेदोन मिलिमीटर स्पंजचं रबर लावून घ्या. उलट टोकाला जाऊन खेळण्यांच्या दुकानातली जोडीने मिळणारी बॅटही नको. तिच्या रबरावर चेंडू दाबून घासून बघा. सुळकन घसरला तर त्या बॅटीने फिरकी देता येणार नाही, आणि फिरकीशिवाय हा खेळ अर्धाच कळतो.

नुसत्या साहित्याच्या जोरावर जगज्जेता झाल्याचं म्हणतात ते उदाहरण मुंबईतच घडलं. 1952ची जागतिक स्पर्धा मुंबईत होती. जपानचा चष्मेवाला हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला. तोवर बहुतेक सगळे कडक, दाणेदार रबराने खेळत आणि फटक्याच्या टकटक आवाजावरून अंदाज बांधत. याच्या बॅटीचा आवाजच येईना. भले भले गडबडले आणि सातो विजेता ठरला. पुढे 1959मध्ये जाडीवर बंधन आलं. स्पंज आणि रबर मिळून 4 मिलिमीटर ही मर्यादा आजही आहे. ही गोष्ट सांगून महागडी बॅट गळ्यात मारणारे भेटतील. त्यांना एवढंच सांगा की सातो मुंबईत उतरला तेव्हा त्याला खेळता येत होतं.

आता फिरकी. नवख्याला सर्वाधिक रडवते ती समोरच्याची सर्व्हिस. चेंडू तर हळूच येतो, आपण नीट बॅट लावतो आणि तो सरळ नेटमध्ये जातो. हा बॅकस्पिन. समोरच्याने चेंडू खालून कापलेला असतो, म्हणून तो आपल्या बॅटीवरून खाली निघतो. बॅटीचं तोंड थोडं आकाशाकडे करा आणि चेंडू हलकेच पुढे ढकला, म्हणजे पुश करा. चेंडू उलट उंच उडाला तर तो टॉपस्पिन समजा आणि तोंड टेबलाकडे झुकवा. नजर चेंडूपेक्षा आधी समोरच्याच्या बॅटीवर हवी. खालून घासली की वरून, हे तिथेच दिसतं. बॅटीच्या दोन बाजूंचे रंग वेगळे असतात तेही याचसाठी. कोणत्या रबराने मारलं हे दिसायला हवं, असा नियम 1980च्या दशकात झाला. भारताची खेळाडू मनिका बत्रा बॅकहँडला लांब दाण्यांचं रबर वापरते. त्यावरून आपलीच फिरकी उलटी होऊन परत येते. क्लबमधल्या एखाद्या काकांकडे तसं रबर निघालं तर पहिले काही दिवस रडकुंडीला याल. चालायचंच.

सर्व्हिस मात्र पहिल्या दिवसापासून नियमातच शिका. चेंडू उघड्या तळहातावर, तिथून किमान 16 सेंटिमीटर सरळ वर, आणि खाली येताना फटका. सोसायट्यांमध्ये हातातूनच चेंडू मारायची पद्धत आहे. ती अंगात मुरली की स्पर्धेत पंच गुण काढून घेतात आणि सवय काही सुटत नाही. मोकळा हात टेबलावर टेकला तरी गुण जातो, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बुटांचं मात्र मनावर घ्या. सकाळी फिरायला जायचे उंच, मऊ तळव्यांचे बूट मी इथेही घालत होतो. ते पुढे धावण्यासाठी असतात. टीटीत हालचाल आडवी. एका बॅकहँडला घोटा मुरगळला आणि पट्टी बांधून घरी बसलो. बॅडमिंटनचे, सपाट आणि पकड असलेले गम सोलचे बूट चांगले. फरशी गुळगुळीत असेल तर आधी पुसून घ्या, धुळीवर कोणतेही बूट घसरतात. बॅटीचं रबरही खेळून झाल्यावर ओलसर फडक्याने पुसा आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका.

राहता राहिला प्रश्न मॅचेसचा. गेम आता 21ऐवजी 11 गुणांचे असतात, चटकन संपतात, त्यामुळे ‘अजून एक’ म्हणत संध्याकाळ निघून जाते. सुरुवातीला निम्मा वेळ तरी नॉकिंगला द्या: फोरहँडला फोरहँड, तिरपे, जोर न लावता, चेंडू जास्तीत जास्त वेळ टेबलावर ठेवत. यासाठी आपल्यापेक्षा थोडा बरा आणि कंटाळा न करणारा जोडीदार शोधा. तो बहुधा सत्तरीचा असतो आणि सकाळी लवकर येतो.