बोलू न शकणाऱ्या रुग्णाचा निर्णय कोणी घ्यायचा?

सारंगखेड्यात कोणाला पक्षाघाताचा मोठा झटका आला, की शहादा, तिथून नंदुरबार किंवा धुळे अशी धावपळ होते. रुग्ण व्हेंटिलेटरवर जातो, कोणाला ओळखत नाही. काही दिवसांनी डॉक्टर विचारतात, "पुढे काय करायचे?" घरची माणसे एकमेकांकडे बघत राहतात. म्हणून आज हा विषय घेत आहोत.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या मेंदूला १९७३ साली हल्ल्यात कायमची इजा झाली. त्यांचे अन्न थांबवू द्यावे, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. वर्षानुवर्षे त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने असे उपचार थांबवता येतील, हेही सांगितले. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई न्यूमोनियाने गेल्या. त्यांना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच विचारता आले नाही.

२०१८ आणि २०२३ च्या निकालांनी पद्धत सोपी झाली. बरे होण्याची आशा नसेल तर तीन डॉक्टरांचे एक मंडळ तपासते, दुसरे मंडळ त्याची खात्री करते. जवळच्या नातेवाइकांची संमती लागते. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालयात जाता येते. इंजेक्शन देऊन जीव घेणे मात्र आजही गुन्हाच आहे.

प्राणिहिंसा न करण्याचे शील आपण घेतो. मग उपचार थांबवणे ही हिंसा नाही का? आमच्या मते, निरुपयोगी यंत्र काढणे म्हणजे मारणे नव्हे. पण वेदनाशामक औषध, स्वच्छता आणि सोबत शेवटपर्यंत चालूच राहिली पाहिजे.

पैसे संपले म्हणून "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा. सही करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: शुद्ध येईल का? उपचाराने बरे वाटेल, की फक्त त्रास लांबेल?

आणि घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा, "अशी वेळ आली तर तुम्हाला काय हवे?" कोणाही प्रौढ व्यक्तीला आपली इच्छा लिहून, निर्णयासाठी विश्वासाच्या माणसाचे नाव देता येते. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करावी. ज्याचा जीव, त्याचा शब्द पहिला.