फाइल एकच, मग तारखा दोन कशा?

प्रश्न : आरमोरीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मार्चमध्ये विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर घेतला. दुकानाच्या उधारीचा जुना प्रोग्राम मेकॅनिकने त्यात टाकून दिला आणि डेटाची फाइलही 'प्रोग्राम फाइल्स'मधल्या त्याच्या फोल्डरमध्ये ठेवली. आता मुलासाठी वेगळं यूजर अकाउंट केलं, तर त्याला मार्चपर्यंतच्याच नोंदी दिसतात. माझ्या अकाउंटमध्ये आजपर्यंतच्या सगळ्या आहेत. फोल्डर उघडून पाहिलं तर फाइलवर तारीख मार्चचीच! शिवाय नाटकाच्या हँडबिलाची फाइल माझ्याकडे मराठीत उघडते, मुलाकडे मात्र इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो. व्हायरस आहे का? मेकॅनिक म्हणतो, फॉर्मॅट मारावा लागेल.
– एक वाचक, आरमोरी

उत्तर : फॉर्मॅट मारू देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या एकाही लक्षणासाठी व्हायरसची गरज नाही. विंडोज हे स्वतःहून आणि ठरवून करत असते. तुमच्या नोंदी बहुधा सुखरूप आहेत, फक्त तुम्ही शोधताय त्या जागी नाहीत.

एक्सपीच्या काळात बहुतेक जण ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच कॉम्प्युटर वापरायचे, त्यामुळे कुठलाही प्रोग्राम कुठेही लिहू शकत असे. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली आणि तिने 'प्रोग्राम फाइल्स' व 'विंडोज' या फोल्डरांना कुलूप लावलं. पण आपला डेटा आपल्याच फोल्डरमध्ये लिहिणारे हजारो जुने प्रोग्राम एका रात्रीत बंद पडले असते. म्हणून एक पळवाट ठेवली गेली. असा ३२-बिटचा जुना प्रोग्राम बंद फोल्डरमध्ये लिहायला गेला, की विंडोज त्याला अडवत नाही. त्या यूजरच्या नावाने फाइलची वेगळी प्रत तयार करते आणि पुढचं सगळं लिखाण त्या प्रतीत होतं. प्रोग्रामला याचा पत्ताही नसतो. विंडोज ११ मध्येही ही सोय शाबूत आहे.

आता तुमचं कोडं उलगडतं. मेकॅनिकने ठेवलेली मूळ फाइल मार्चपासून जशीच्या तशी आहे. फोल्डर उघडून पाहताना दिसते ती हीच. तुमच्या रोजच्या नोंदी तुमच्या नावाच्या प्रतीत जातात. मुलाच्या नावाची प्रत अजून तयार झालेली नसल्यामुळे त्याला मूळ फाइल दिसते. त्याने एक जरी नोंद केली, तर त्याचीही प्रत होईल आणि एका हिशोबाच्या तीन फाइली होतील. तेव्हा त्याला तूर्त तो प्रोग्राम वापरू देऊ नका. दोघांच्या प्रतींत वेगवेगळ्या नोंदी पडल्या, तर विंडोज त्या जुळवून देत नाही. हाताने पुन्हा भराव्या लागतात, आणि उधारीच्या वहीत ते फार जिकिरीचं काम आहे.

खात्री करायची असेल तर प्रोग्रामवर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. तुमच्या अकाउंटमध्येसुद्धा मार्चचाच हिशोब दिसेल, कारण त्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला विंडोज थेट मूळ फाइलकडे नेते. फक्त पाहा, नोंद करू नका.

तुमची खरी फाइल अशी मिळेल. सी ड्राइव्हमधल्या 'यूजर्स'मध्ये तुमच्या नावाचं फोल्डर उघडा. त्यात 'ॲपडेटा', त्यात 'लोकल', त्यात 'व्हर्च्युअल-स्टोअर'. 'ॲपडेटा' लपवलेलं असतं, म्हणून आधी 'व्ह्यू'मधून लपलेल्या गोष्टी दाखवा. 'व्हर्च्युअल-स्टोअर'मध्ये पुन्हा एक 'प्रोग्राम फाइल्स' दिसेल आणि त्यात तुमच्या प्रोग्रामचं फोल्डर. तिथल्या फाइलवर आजची किंवा कालची तारीख असेल.

प्रोग्राम बंद करून ती फाइल आधी पेनड्राइव्हवर घ्या. मग प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये डेटाची जागा बदलता येत असेल, तर डी ड्राइव्हवर दोघांना उघडता येईल असं फोल्डर करून डेटा तिथे ठेवा. हाच उत्तम मार्ग. ती सोय नसेल, तर ताजी फाइल मूळ फाइलच्या जागी ठेवा आणि त्या एकाच प्रोग्रामच्या फोल्डरवर दोघांना लिहिण्याची परवानगी द्या. अख्ख्या 'प्रोग्राम फाइल्स'ला ती कधीही देऊ नका. शेवटी 'व्हर्च्युअल-स्टोअर'मधल्या प्रतीचं नाव बदला. हे विसरलात तर सगळं करूनही गोंधळ कायम राहील, कारण प्रोग्राम आधी तीच प्रत शोधतो.

हँडबिलाचं कारण वेगळं, पण स्वभाव तोच. २०१८ च्या उत्तरार्धात आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून फॉन्टवर नुसतं 'इन्स्टॉल' दाबलं, तर तो विंडोजच्या सामाईक फॉन्ट फोल्डरमध्ये न जाता त्या यूजरपुरताच बसतो. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. फॉन्टच्या फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. विंडोज ११ मध्ये ते 'शो मोअर ऑप्शन्स'च्या आत असू शकतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की छपाईची घाई असते, तेव्हा हे आत्ताच उरकून घ्या. नवी हँडबिलं युनिकोडमध्ये केलीत तर हा गिचमिडा होणारच नाही.

कुणी 'अमुक फाइल सिस्टम३२ मध्ये टाका' असं सांगितलं, तर तिथेही अशीच चकवाचकवी आहे. ६४-बिटच्या विंडोजमध्ये 'सिस्टम३२'मध्ये ६४-बिटच्या फाइली असतात, तर ३२-बिटच्या फाइली 'सिसवाव६४'मध्ये. नावं उलटी वाटतात, कारण असंख्य प्रोग्रामांत 'सिस्टम३२' हे नाव पक्कं लिहिलेलं होतं आणि ते बदलणं परवडणारं नव्हतं. ३२-बिटचा प्रोग्राम 'सिस्टम३२'मध्ये गेला, की विंडोज त्याला गुपचूप दुसरीकडे पाठवते. म्हणून फाइल टाकूनही 'सापडत नाही' असा संदेश येतो. विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच मिळते, त्यामुळे हा प्रकार तुमच्याकडेही आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या सुट्या फाइली तिथे टाकूच नका. त्या प्रोग्रामचा मूळ इन्स्टॉलर पुन्हा चालवा.

मेकॅनिकच्या फॉर्मॅटची मला भीती वाटते ती याच कारणाने. बॅकअप घेताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फार तर 'प्रोग्राम फाइल्स'मधलं फोल्डर उचललं जातं. म्हणजे मार्चची फाइल वाचेल आणि त्यानंतरची सगळी उधारी पुसली जाईल. कॉम्प्युटर त्याच्याकडे द्यायचाच असेल, तर आधी 'व्हर्च्युअल-स्टोअर' पेनड्राइव्हवर घ्या आणि ती फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्याशिवाय परवानगी देऊ नका.